नऊ एकतीसचा फोन: हजेरीवरून मागे लागणाऱ्या मॅनेजरचं एक प्रकरण

अकरा जणांची टीम. काम ग्राहकांच्या ऑर्डर आणि तक्रारी हाताळण्याचं. वेळ साडेनऊ ते सहा. गेटवर बोटाचा ठसा घेणारं पंचिंग मशीन, दहा मिनिटांचा ग्रेस, आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की एक हाफ डे कापायचा असा लेखी नियम. पावणेदहाला दिवसभराच्या कामाची वाटणी होते. मॅनेजर आठ महिन्यांपूर्वी आलेले. त्यांच्या आधीचे वेळेच्या बाबतीत बरेच सैल होते. जिच्याबद्दल हे प्रकरण आहे ती कर्मचारी चार वर्षं तिथे आहे. काम चोख, तक्रारी निकाली काढण्यात टीममध्ये सगळ्यांत पुढे, आणि संध्याकाळी बऱ्याचदा सातपर्यंत जागेवर.

हे एका खऱ्या व्यक्तीचं प्रकरण नाही. अशा तंट्यांत जे वारंवार दिसतं ते एकत्र करून ते बांधलं आहे, आणि आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

गेल्या दोन महिन्यांत मॅनेजरचे नियम एकेक करून वाढले. आधी ग्रुपवर रोज 'पोहोचले' असा मेसेज. मग जेवायला जाताना एक आणि परत आल्यावर एक. मग नऊ एकतीसला फोन. मग संध्याकाळी पाचला सगळ्यांच्या जागांवरून एक फेरी. एके दिवशी त्यांनी ग्रुपवरच लिहिलं, "९.३७ झाले, अजून पत्ता नाही." तिने तिथेच उत्तर दिलं, "सर, टीममध्ये सगळ्यात जास्त केसेस माझ्याच क्लोज होतात." उत्तर खरं होतं, पण जागा चुकली. दहा जणांसमोर मॅनेजरला माघार घेता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊ एकतीसचा फोन नऊ एकोणतीसला यायला लागला.

दोन घड्याळं

तिचं म्हणणं, महिन्यातून दोनदा उशीर होतो. मॅनेजरचं म्हणणं, रोजच होतो. असं असलं की ऐकणारा धरून चालतो की दोघांपैकी एक जण वाढवून सांगतोय. इथे दोघंही खरं बोलत होते.

२२ कामाच्या दिवसांचा रेकॉर्ड समोर ठेवल्यावर गेटच्या पंचिंगप्रमाणे ती १४ दिवस साडेनऊच्या आत, ६ दिवस ९.३१ ते ९.४० च्या दरम्यान आणि २ दिवस ९.४० नंतर आलेली होती. लेखी नियमाप्रमाणे लेट मार्क दोनच, म्हणजे हाफ डे नाही. मॅनेजर मात्र कॉम्प्युटरच्या लॉगिनची वेळ बघत होते. त्यात साडेनऊच्या आत फक्त ५ दिवस आणि नंतर १७ दिवस.

गेट आणि लॉगिन यांच्या मधली आठ मिनिटं जातात कुठे? लिफ्टच्या रांगेत तीन, लॉकरमध्ये सामान ठेवायला एक, कॉम्प्युटर चालू होऊन पासवर्ड आणि ओटीपी टाकून कामाची स्क्रीन उघडेपर्यंत चार. रात्री अपडेट येऊन पडलं असेल तर ही चाराची दहा होतात. म्हणजे गेटवर ९.२५ ला पंच करणारा माणूस लॉगिनच्या हिशेबात ९.३३ चा ठरतो. त्यामुळे अशा भांडणात पहिला प्रश्न 'कोण चुकलं' हा विचारूच नये. 'वेळेवर' म्हणजे आवारात, जागेवर, की काम चालू, हे आधी विचारावं. बहुतेक ठिकाणी नियुक्तिपत्रात फक्त कामाची वेळ लिहिलेली असते आणि हजेरीचा नियम मशीनला बांधलेला असतो. मॅनेजरच्या डोक्यातली व्याख्या तिसरीच असते आणि ती कुठेच लिहिलेली नसते.

मशीनचं घड्याळही तपासून घ्यावं. नेटवर्कला न जोडलेल्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात दिवसाला दीड-दोन सेकंदांचा फरक पडणं नेहमीचं आहे. महिन्याला तो पाऊण-एक मिनिट होतो, आणि सहा महिने कुणी हात लावला नसेल तर पाच-सहा मिनिटांपर्यंतही जाऊ शकतो. इथे फरक अर्ध्या मिनिटाचा निघाला, म्हणून तिने तो मुद्दा काढलाच नाही. ते योग्यच झालं. अर्ध्या मिनिटावरून वाद घालणाऱ्याची बाकीची आठ मिनिटंही कुणी ऐकून घेत नाही.

मॅनेजरला काय दिसत होतं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये एका ढोबळ चुकीला नाव दिलं: दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावरची परिस्थिती हिशेबात धरत नाही. मॅनेजरना लिफ्टची रांग दिसत नाही, रिकामी खुर्ची दिसते. तीनदा रिकामी दिसली की 'बेफिकीर' हा शिक्का बसतो, आणि तो बसला की वेळेवर आलेले दिवस नजरेतून निसटतात, उशिराचे तेवढे लक्षात राहतात. हीच चूक उलट्या बाजूनेही होते. तिला नऊ एकतीसचा फोन दिसत होता, त्यावरून 'माणूसच संशयी' असं तिने ठरवून टाकलं होतं. त्या फोनमागे काय आहे, हे तिने दोन महिने विचारलं नव्हतं.

मागे होतं ते असं. साडेनऊ ते दहा या अर्ध्या तासात ग्राहकांचे फोन न उचलले जाण्याचं प्रमाण वाढलं होतं आणि मॅनेजरना त्यांच्या वरिष्ठांनी दर सोमवारी त्याचा जाब विचारायला सुरुवात केली होती. टीमला त्यांनी हे सांगितलं नाही. नुसती नजर वाढवली. मायक्रोमॅनेजमेंटच्या, म्हणजे बारीकसारीक गोष्टींवर सतत नजर ठेवण्याच्या, प्रकरणांत हे फार वेळा सापडतं. ज्या आकड्यावर आपला थेट ताबा नाही त्याबद्दल वर उत्तर द्यावं लागलं, की माणूस ज्यावर ताबा चालतो ते घट्ट धरतो. हजेरी मोजायला सगळ्यात सोपी, म्हणून पकड तिथे बसते.

त्यामुळे तिचा त्रास खोटा ठरत नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं मॉडेल आजही उपयोगी पडतं: कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं यावरचा स्वतःचा ताबा कमी, अशी जोडी जमली की ताण सगळ्यात जास्त साचतो. चार वर्षं स्वतःच्या हिशेबाने काम केलेल्या माणसाला जेवायला जाताना मेसेज टाकायला लावणं म्हणजे तो ताबाच काढून घेणं आहे.

क्रम चुकला की सगळं चुकतं

या प्रकरणाची किल्ली क्रमात आहे. आधी स्वतःची मिनिटं, मग देखरेखीचा विषय. दोन्ही एकदम काढले तर मॅनेजर पहिल्याच्या आडून दुसरा उडवून लावतात: "आधी वेळेवर या, मग बोलू." आणि या वाक्याला तेव्हा तरी उत्तर नसतं.

वेळ पाळावीच का, याचं उत्तर कामावर ठरतं. साडेनऊला कुणाचं काय अडतं, हे प्रामाणिकपणे बघावं. दिवसाअखेर हिशेब जुळवून द्यायचे असतील तर ९.३७ ने कुणाचं काही बिघडत नाही, आणि तिथे वेळेत लवचीकता मागणं रास्त आहे. फ्लेक्झी टाइम ही काही नवी सवलत नाही. जर्मनीतल्या म्युनिकजवळच्या एका विमानं बनवणाऱ्या कंपनीने १९६७ मध्येच ती लागू केली होती, आणि सकाळी सगळे एकाच वेळी रस्त्यावर आल्याने होणारी कोंडी हे त्यामागचं मोठं कारण होतं. पण इथे फोन साडेनऊला सुरू होतात. तिची खुर्ची रिकामी असेल तर तिचे फोन शेजारच्याकडे जातात. संध्याकाळी सातपर्यंत बसल्याने सकाळचा न उचललेला फोन भरून निघत नाही. तिच्या बाजूने हा सगळ्यात कच्चा दुवा होता, आणि तो तिनेच दुरुस्त करायचा होता.

त्यासाठी तिने दहा दिवस फक्त तीन वेळा लिहून ठेवल्या: घरातून निघाले, गेटवर पोहोचले, लॉगिन झालं. प्रवासाची सरासरी ३५ मिनिटं निघाली, म्हणून ती ८.५० ला निघायची. सरासरी धरून निघणारा माणूस साधारण निम्म्या दिवशी उशिरा पोहोचणार हे ठरलेलंच, कारण सरासरीपेक्षा जास्त वेळ लागणारे दिवसही साधारण तेवढेच असतात. मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नोंदवलेली नियोजनातली चूक हीच: सगळं नीट पार पडेल असं धरून माणूस वेळेचा अंदाज बांधतो, मागच्या खेपांना प्रत्यक्ष किती लागला ते बघत नाही. म्हणून दहा दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस वगळावा आणि त्याच्या खालचा धरावा. तिच्या नोंदीत तो ४७ मिनिटांचा होता. लॉगिन ९.२५ ला हवं, त्यातून आठ वजा करून गेटवर ९.१७, त्यातून ४७ वजा करून घरातून ८.३०. म्हणजे वीस मिनिटं आधी निघणं. पाचच मिनिटं आधी निघून बघू, हा मोह इथे होतो आणि तिथेच गणित फसतं. पाच मिनिटांनी चांगले दिवस आणखी चांगले होतात, वाईट दिवस वाईटच राहतात.

मग तीन आठवडे, १५ कामाचे दिवस, रेकॉर्ड स्वच्छ ठेवायचा आणि त्या काळात देखरेखीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सांगितलेले मेसेज पाठवत राहायचे, तेही कोरडे: "९.२४, जागेवर." हसरी चिन्हं नाहीत, टोमणा नाही, "आजही वेळेवर बरं का" असलं काही नाही. मेसेज बंद करून निषेध नोंदवणं किंवा पाणी प्यायला उठलं तरी मुद्दाम मेसेज टाकून वैताग आणणं, दोन्हींतून तीन आठवड्यांची कमाई एका दिवसात जाते.

उशीर होणारच असेल तर

पंधरा दिवसांत एकदा रस्ता बंद होता. उशिराचा मेसेज बहुतेक जण उशीर होऊन गेल्यावर पाठवतात आणि त्यात कारण लिहितात. मॅनेजरला कारणाचा फारसा उपयोग नसतो. किती वाजता पोहोचणार, तोवर काय अडणार, आणि ते कोण बघणार, या तीन गोष्टी त्यांना हव्या असतात, आणि कळल्या कळल्या हव्या असतात. तिने ८.५५ ला पाठवलेला मेसेज असा:

"सर, रस्ता बंद आहे, मला ९.५० होतील. दहापर्यंतचे माझे फोन शेजारच्या डेस्कवर घ्यायला सांगितले आहेत, त्यांनी हो म्हटलंय. वाटणीत माझ्याकडे कालच्या दोन तक्रारी राहू द्या, त्या मी आल्यावर घेते."

पोहोचायची वेळ सांगताना अंदाजात पाच-सात मिनिटं जास्त धरावीत. ९.५० सांगून ९.४६ ला पोहोचणं चालतं. ९.४० सांगून तेच ९.४६ झाले तर उशीर दोनदा होतो.

वीस मिनिटांचं बोलणं

सकाळी बोलायचं नाही, उशीर झालेल्या दिवशी तर मुळीच नाही. सोमवारही टाळायचा, कारण त्या दिवशी मॅनेजर स्वतःच जाब देऊन आलेले असतात. तिने बुधवारी दुपारची वेळ मागितली आणि विषय आधीच सांगितला: "सर, हजेरीच्या मेसेजबद्दल वीस मिनिटं बोलायचं होतं, एक पर्याय सुचवायचा आहे." विषय न सांगता "जरा बोलायचं होतं" म्हटलं की समोरचा राजीनामा किंवा तक्रार अशा तयारीनिशी बसतो.

बोलण्याची सुरुवात साधारण अशी झाली.

"सर, मागच्या महिन्यात लॉगिनप्रमाणे मी १७ दिवस साडेनऊनंतर होते. गेले तीन आठवडे एकच दिवस, आणि तो आधी कळवून. हे असंच ठेवणार आहे."

"हं, बघितलंय मी. पण मला सगळ्यांकडे बघावं लागतं ना."

"बरोबर आहे. वर तुम्हाला नेमकं काय दाखवावं लागतं, ते कळलं तर बरं होईल."

या प्रश्नावर बोलण्याचा रोख बदलला. आधी थोडा वेळ शांतता, मग साडेनऊ ते दहाच्या न उचललेल्या फोनचा सगळा विषय बाहेर आला. "माझ्यावर विश्वास नाही का?" असा प्रश्न तिने विचारला असता तर उत्तर "तसं नाही हो" एवढंच मिळालं असतं आणि बोलणं तिथेच संपलं असतं. विश्वासावर वाद घालता येत नाही, आकड्यावर तोडगा काढता येतो.

तिचा प्रस्ताव असा होता. 'वेळेवर' म्हणजे लॉगिन ९.३० पर्यंत, हे टीमपुरतं ठरवू. गेटचा नियम लेट मार्कसाठी आहे तसाच राहील. अकरा मेसेजऐवजी ९.३५ ला पाळीने एकाने एकच ओळ टाकायची: किती जण जागेवर, किती फोन रांगेत. जेवणाच्या वेळी मेसेज नको. त्याऐवजी एका वेळी चारपेक्षा जास्त जण उठणार नाहीत. चार आठवडे करून बघू. त्यात माझ्याकडून न कळवता दोनदा उशीर झाला तर माझ्यापुरते जुने मेसेज परत सुरू.

शेवटच्या अटीने काम सोपं केलं. नियम सैल करायला घाबरणाऱ्या माणसाला परतीची वाट दिसली की तो पुढे यायला तयार होतो. आणि मूळ काळजीची गोष्ट, म्हणजे रांगेतले फोन, ९.३५ च्या ओळीत त्यांना अकरा मेसेजपेक्षा जास्त नीट दिसत होती.

दोन गोष्टी तिने मुद्दाम काढल्या नाहीत. "तो पण उशिरा येतो, त्याला कुणी बोलत नाही" हे एक; त्याने तिचं काही सुटत नाही आणि एक शेजारी कायमचा दुखावतो. दुसरं, ग्रुपवर झालेला अपमान. तो खरा होता, पण वेगळ्या वेळी, एका वाक्यात सांगायचा: "सर, माझ्या उशिराबद्दल बोलायचं असेल तर मला फोन करा, ग्रुपवर नको." हे तिने दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच एका कामाचं बोलणं संपताना सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

बुधवारी बोलणं झालं त्याच संध्याकाळी मेल गेला, पाच ओळींचा. काय ठरलं, कधीपासून, कधीपर्यंत, मोजायचं कशाने, आणि शेवटी "माझ्याकडून काही राहिलं असेल तर दुरुस्त करावं." कॉपी कुणालाही नाही. मॅनेजरच्या वरिष्ठांना किंवा एचआरला कॉपीत घातलं असतं तर तोच मेल आरोपपत्र झाला असता.

चार आठवड्यांत काय झालं

पहिल्या आठवड्यात दोनदा सवयीने नऊ एकतीसचा फोन आलाच. तिने उचलला, "सर, जागेवर आहे, फोन घेतेय," एवढं बोलून ठेवला. ठरलेल्याची आठवण तिने फोनवर करून दिली नाही. शुक्रवारी, आठवड्याचे आकडे दाखवताना सांगितली. सवयीने आलेला फोन आणि शब्द मोडून केलेला फोन यांत फरक करावा लागतो. पहिल्याला दोन-तीन आठवडे द्यावेत.

नंतर फोन थांबले, जेवणाचे मेसेज बंद झाले. ९.३५ च्या ओळीचा एक न ठरवलेला फायदा झाला: रांग सोमवारी आणि महिन्याच्या पहिल्या दिवशीच फुगते हे दिसलं, आणि त्या दिवसांपुरते दोन जण सव्वानऊला यायचे आणि पावणेसहाला सुटायचे असं ठरलं. न उचललेल्या फोनचं मूळ कारण हजेरी होतीच, पण निम्मीच. बाकीचं वेळापत्रकात होतं.

पाचची फेरी मात्र बंद झाली नाही. तिनेही ती सोडून दिली. त्या फेरीने तिचं काम अडत नव्हतं, आणि प्रत्येक गोष्ट जिंकायला गेलं की आधी मिळालेलंही परत मागितलं जातं.

तिमाहीच्या अखेरीस जुने मेसेज अचानक परत आले. "सगळं पुन्हा पहिल्यासारखं" म्हणून कपाळावर हात मारून घ्यायची हीच वेळ असते, आणि तेव्हा विचारायचा प्रश्न छोटा आहे: "सर, हे कोणत्या तारखेपर्यंत?" तारीख मिळाली की तो तात्पुरता नियम होतो. तारखेनंतर दुसऱ्या दिवशी मेसेज न टाकता ९.३५ ची ओळ टाकायची. दहा दिवसांनी तेच झालं.

मॅनेजर बधलेच नाहीत तर

असंही होतं. तीन आठवडे स्वच्छ रेकॉर्ड, नीट बोलणं, लेखी प्रस्ताव, आणि तरी फोन चालूच. मग एचआरकडे जाता येतं, पण काय घेऊन जायचं ते ठरवून. "सर फार मागे लागतात" हे तिथे टिकत नाही. कामावर लक्ष ठेवणं हे मॅनेजरचं कामच आहे. टिकतं ते असं: लेखी नियमात नसलेली पगार कपात, म्हणजे गेटवर ग्रेसच्या आत असूनही लॉगिनवरून कापलेला हाफ डे, एकच नियम एकालाच लावणं, सगळ्यांसमोर अपमान, स्वतःच्या खाजगी मोबाइलवर लोकेशन चालू ठेवायची किंवा फोटो पाठवायची सक्ती. प्रत्येकाची तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं, आणि नियमाची मूळ ओळ. ही नोंद ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नये, आणि त्यात मत लिहू नये. 'अपमान केला' असं न लिहिता बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत.

लोकेशनचा मुद्दा हजेरीच्या बोलण्यात मिसळू नये, तो स्वतंत्र काढावा. हजेरीसाठी मशीन असताना खाजगी फोनवरची माहिती कोणत्या धोरणाखाली मागितली जातेय, ती कुठे साठवली जाते आणि कोण बघतो, हे एचआरला मेलवर विचारावं आणि लेखी उत्तर मागावं. तोंडी उत्तर मिळालं तर त्याच दिवशी तेच मेलवर लिहून पाठवावं आणि बरोबर आहे का, एवढं विचारावं.